जिवाच्या शेतावरचं ढगाचं कडं

पोशेरा गावाच्या वरच्या पाड्यावरचा जिवा म्हणजे संशयाचं दुसरं नाव. शेजाऱ्याने रामराम केला तरी हा मनात म्हणायचा, आज याला माझ्याकडून काय हवंय? कापणीला सगळे एकमेकांच्या शेतात राबायचे, जिवा मात्र कुणाला बोलवायचा नाही. लोक भारे पळवतात म्हणे! माणूस एकटा, आणि एकट्या माणसाच्या डोक्यात असले किडे फार वळवळतात.

यंदा भात कापून शेतात वाळत पडलं आणि जिवाने कहरच केला. खळ्यावरच्या राशीभोवती राखेची रेघ ओढायची रीत सगळ्यांचीच. राशीला कुणी हात लावला तर कळतं, बरकतही राहते. याने ती रेघ आख्ख्या शेताभोवती ओढली.

दुसऱ्या सकाळी आभाळात ढगाचं कडं उभं! काळंभोर, गोल, मधोमध निळं आभाळ, आणि ते निळं नेमकं जिवाच्या शेतावर. वाऱ्याने झाडं वाकली, कडं तसूभर हललं नाही. पाड्याच्या कापलेल्या भातावर पाऊस कोसळत होता आणि जिवाच्या शेतात कडकडीत ऊन. दिवसांमागून दिवस हे चाललं, थांबेचना.

जिवाला वाटलं, हे पाड्यावरच्या मंतर घालणाऱ्या जगन भगताचंच काम, मला गोत्यात आणायला. तर जगनच चार माणसं घेऊन बांधावर हजर.

"पाड्यावर पाऊस बांधलास तू, जिवा."

"मी? आरं, ती राख चोरासाठी हाय!"

"कनचा चोर? तुझा भारा गेलाय कधी?"

जिवा मनात आठवू लागला. खरंच, कधी गेला नव्हता.

"मंग पूस ती राख," जगन म्हणाला.

जिवाला डाव कळला. पुसली आणि ढग गेला, तर आपण पाऊस बांधणारे चेटके ठरलो. नाही पुसली, तर पाड्याचे वैरी. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने सगळ्यांना हाकलून दिलं.

पण बांधापलीकडे चंद्रा होती. नवरा नाही, दोन लहान पोरी. जिवा तापाने फणफणला होता तेव्हा हिनेच त्याला पेज आणून दिली होती. (पेजेत काय मिसळलंय, असं पुटपुटतच तो ती प्यायला होता.) आता ती भिजलेल्या पेंढ्या झटकत होती. लोंब्यांना मोड फुटले होते. तिचं ते भात जिवाला बघवेना.

"नाव गेलं तर जाऊ दे," असं म्हणून जिवा उठला आणि राख पायाने विस्कटत निघाला. जिथे पाय फिरे, तिथे वरचं कडं तुटे. फेरी पुरी झाली तेव्हा आभाळ धुतल्यासारखं होतं, पाड्यावर सगळीकडे ऊन. म्हणजे पाऊस खरंच आपल्याच रेघेने बांधला होता, हे जिवाला कळलं. तो मटकन खाली बसला.

मग धीर करून तो चंद्राच्या शेतात गेला. पेंढ्या उलटायला हात पुढे केला, तशी तिने पोरींना मागे ओढलं.

"राहू दे, दादा. तुझा हात नको लावू आमच्या भाताला."

तिने हे म्हणावं! जिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तिचं चुकतंय, असंही त्याला छातीठोक म्हणता येईना.