डावीकडचा हात

जीपचे सिग्नल मी बदलायला घेतले ते ट्रॅफिकवाल्यांच्या कटकटीमुळे, असं घरात सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण माझी नणंद होती.

जीप सासऱ्यांची. भाईंदरच्या खारी गावात, चहूबाजूंनी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांच्या मधोमध, नवऱ्याच्या घराण्याचं जुनं घर आहे. खाली सासूबाई आणि नणंद राहतात, वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, आणि अंगणात जीप. मिठागरं होती तेव्हा सासरे ती चिखलातून, बांधांवरून न्यायचे. मिठागरं गेली, पुढे सासरेही गेले, जीप राहिली. खाऱ्या हवेने तिच्या वायरी अशा खाल्ल्या होत्या की सिग्नलचा दांडा ओढला तर पिवळा दिवा मनात आलं तर लागायचा. लागला तरी उन्हात तो बघायला जवळ जाऊन हाताचा आडोसा धरावा लागायचा.

त्यामुळे त्या घरात एक रीत पडली होती. उजवीकडे वळायचं असेल तर चालवणाऱ्याने स्वतः हात बाहेर काढायचा, आणि डावीकडे वळायचं असेल तर डाव्या बाजूला बसलेल्याने हात द्यायचा. हा डावीकडचा हात सासऱ्यांच्या वेळेपासून माझ्या नणंदेचा. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून.

मी दादरची. आमच्याकडे साधी स्कूटरही नव्हती. लग्न होऊन खारीत आले तेव्हा जीपमध्ये नवऱ्याच्या शेजारची सीट मला मिळाली आणि नणंद कोणी न सांगता मागच्या बाकावर गेली. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं. पहिल्याच रविवारी आम्ही मासळी आणायला किनाऱ्यावर, उत्तनजवळच्या पालीला निघालो. गावात शिरायचं डावं वळण जवळ आलं तसा नवरा म्हणाला, "बाय, हात." धाकट्या बहिणीला ते लोक बाय म्हणतात हे मला कळायच्या आत माझ्या कानाजवळून एक हात सरळ बाहेर गेला. उन्हाने रापलेला, बांगडीसुद्धा नसलेला हात. मागून येणारा बाईकवाला निमूट थांबला, आम्ही वळलो, हात परत आत गेला. सीट माझी होती, पण गाडी त्या दोघांची मिळून चालत होती.

मग मला सगळंच दिसायला लागलं. माझा नवरा माझ्याशी बोलतो ते पुस्तकातल्यासारखं. आहे, नाही, करूया, चालेल. दादरची मुलगी केली म्हणून तो लग्नाआधीपासूनच जिभेला इस्त्री करून बोलायचा, आणि ती सवय पुढेही सुटली नाही. बहिणीशी बोलताना मात्र हाय आणि न्हाय. तिच्याशी बोलताना त्याचा आवाजही खाली उतरायचा, पोटातून यायचा. दोघं कुठल्याशा जुन्या बांधाबद्दल, कुठल्याशा खेकड्याबद्दल अर्धं वाक्य बोलायची आणि उरलेलं अर्धं हसण्यात जायचं. मी मधे बसून विचारायचे, काय झालं होतं? मग तो मला स्वच्छ मराठीत सगळं समजावून सांगायचा. त्यात हसण्यासारखं काहीच नसायचं.

मी जळत होते. याला दुसरा शब्द मला सापडला नाही आणि मी शोधलाही नाही. मैत्रिणी म्हणायच्या की सवतीचा असतो तसला मत्सर नणंदेचा कोण करतं? मी करत होते. ती बिचारी कधी टोमणा मारायची नाही, स्वयंपाकात नाक खुपसायची नाही. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करायची आणि रविवारी जीपमध्ये हात द्यायची. भांडायला काही कारणच ठेवायची नाही, याचाही राग यायचा.

एका रविवारी मी ठरवून आधीच हात बाहेर काढला. म्हटलं, सीट माझी तर कामही माझं. पण मी तो फारच आधी काढला. मागचे दोन बाईकवाले आम्ही वळतोय असं समजून उजवीकडून पुढे घुसले, समोरून टेम्पो आला आणि नवऱ्याला करकचून ब्रेक मारावा लागला. तो ओरडला असता तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. तो फक्त मवाळपणे म्हणाला, "राहू दे. बायला सवय आहे." मला ते बोलणं दिवसभर चावत राहिलं.

तेव्हाच माझ्या डोक्यात एलईडी आले. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी चांगल्या मार्कांनी केला होता. पुढे नशिबाने लिफ्टच्या कंपनीत कोटेशनं टाइप करायला बसवलं, तो भाग वेगळा. सोल्डरिंग आयर्न अजून माहेरच्या ट्रंकेत होतं, ते मी मागवून घेतलं. सिग्नल भर उन्हात लख्ख दिसले की हाताची गरज संपली, आणि हाताची गरज संपली की नणंद नुसती मागे बसलेली एक बाई. इतका साधा हिशोब होता. जेवताना विषय काढला तर नवरा म्हणाला, चाललंय की, कशाला उगाच. नणंद ताटात बघत म्हणाली, वहिनीला जमत असंल तर करू दे की. मला वाटलं, वरवरचं बोलतेय.

केबिन रोडवरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानदाराने आधी भैया को भेजो म्हणून पाहिलं. मी त्याला जुना बल्ब काढून दाखवला, बारा व्होल्टचं सांगितलं, पिवळेच पाहिजेत, पांढरे देऊ नको म्हणून बजावलं. मग तो भाभी, ये लो म्हणत मुकाट्याने खोके काढायला लागला.

शनिवारी सुट्टी होती. गंजलेले होल्डर पॉलिशपेपरने घासले, नवे दिवे बसवले, दांडा ओढला. दिवा लागला आणि लागूनच राहिला. मिचकायचं नाव नाही. सिग्नलची उघडझाप करणारी जी डबी असते ती जुन्या बल्बच्या दणदणीत करंटवर तापून चालायची. एलईडी करंट घेतो चिमूटभर, त्यावर ती तापतच नव्हती. ठीक आहे म्हटलं, नवी डबी आणली. आता दांडा डावीकडे ओढला तर टक टक करत चारही दिवे मिचकायला लागले. उजवीकडे ओढला, तरी चारही.

नणंद पायरीवर बसून तांदूळ निवडत होती, तिला हसू आवरेना. नवऱ्याला तर उत्साहच चढला. आपल्याकडे चौकात चारही दिवे लावून गाडी घातली की त्याचा अर्थ सरळ जाणार असा घेतात. कोणी शिकवलं देव जाणे, पण अख्ख्या भाईंदरला हे पाठ आहे. नवरा म्हणाला, छान झालं, आता आपण कायम सरळ.

आणि दुसऱ्या दिवशी तो खरोखर तशीच गाडी घेऊन निघाला. त्या रविवारी नणंदेला दुप्पट काम लागलं. चार दिवे मिचकताहेत म्हणजे ही जीप सरळ जाणार असं मागच्यांनी धरलेलं, त्यामुळे तिला मागच्या बाकावर इकडून तिकडे सरकून दोन्ही बाजूंना हात द्यावे लागत होते. वळणावर एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "भाई, जाना किधर है?" यावर ती दोघं बहीण-भाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझ्याच दिव्यांनी त्यांना वर्षभर पुरेल असा विनोद मिळवून दिला होता. त्या हाताला काहीतरी व्हावं, असं माझ्या मनात आलं. आणि ते आलं म्हणून मला मुळीच वाईट वाटलं नाही.

पुढचा आठवडा मी ऑफिसात कोटेशनच्या मागच्या बाजूला जीपची वायरिंग काढत होते. गोम सापडली ती डॅशबोर्डवरच्या हिरव्या दिव्यात. या जुन्या जीपला डाव्या-उजव्या दोन्ही सिग्नलला मिळून तो एकच दिवा. त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या. डाव्या बाजूचा करंट त्या हिरव्या दिव्यातून पलीकडे उजवीकडे झिरपायचा. जुन्या बल्बना तेवढ्याने काही व्हायचं नाही, एलईडींना तेवढंच पुरत होतं. दोन्ही वायरी तिथून सोडवायच्या, प्रत्येकीत एक डायोड घालायचा म्हणजे करंट उलटा जाणार नाही, दोन्ही दिव्याच्या एकाच टोकाला जोडायच्या आणि दुसरं टोक बॉडीला. बस.

शनिवारी दुपारी मी डॅशबोर्डखाली उताणी पडून ते काम करत होते. नवरा वर झोपला होता. नणंद कपडे वाळत घालायला आली आणि न सांगता टॉर्च धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, आता पक्कं व्हईल काय, परत हात द्यायला न्हाय लागणार? मी म्हटलं, कधीच नाही लागणार. ती म्हणाली, मंग बरं हाय. तिचा आवाज मला जरा कापल्यासारखा वाटला. मनातल्या मनात मी खूश झाले आणि डायोड पक्का चिकटवला.

रविवारी दांडा डावीकडे ओढला तर फक्त डावे दोन दिवे लागले. भर उन्हात डोळ्यावर येतील असे पिवळेधमक. पालीच्या वळणाला नवरा सवयीने "बाय" म्हणाला आणि थांबला. मागून हात आला नाही. ती मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. वळून मी एकदा बघूनही घेतलं. बांगडे घेतले, परत आलो, आणि त्या दिवशी मी ते इतके मन लावून तळले की सासूबाईंनीही मागून घेतले.

पुढच्या रविवारी पिशवी घेऊन जिना उतरले तर जीप आधीच चालू होती. स्टिअरिंगवर नणंद. माझ्या सीटवर माझा नवरा.

"वहिनी, आज मागं बस ना," ती म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मी पिशवीसकट मागे चढले. नवऱ्याने खुलासा केला. लहानपणापासून तिला जीप चालवायची होती. लायसनही तिने कधीच काढून ठेवलं होतं. पण सासरे म्हणायचे, तू चालवशील तर हात कोण देणार? त्यांच्यामागे हाही तेच म्हणत आला, कारण हात द्यायची सवय दुसऱ्या कुणाला नव्हतीच. आता ती अडचण उरली नव्हती. सांगताना तो मागे वळून माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता.

"तुझ्यामुळं झालं हाय सगळं," तो म्हणाला.

लग्नानंतर पहिल्यांदा तो माझ्याशी हाय म्हणाला, आणि तेही तिच्यासाठी. मला रडू आलं. आनंदाने आलं असं त्या दोघांना वाटलं, मी तसं वाटू दिलं.

मागचा बाक आडवा असतो, तिथे बसलं की रस्ता मागे पळताना दिसतो आणि पुढच्यांची फक्त बोलणी ऐकू येतात. ती गिअर चुकवत होती, तो सांगत होता, दोघं हसत होती. उत्तनच्या रस्त्याला लागेपर्यंत ती बरी चालवायला लागली. पालीचं वळण आलं तशी तिने गाडी हळू केली आणि दांडा ओढला. बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मी बसवलेला दिवा पिवळा मिचकत होता, अगदी ठरल्या वेळाने, कुठे चूक काढायला जागा नव्हती.

"वहिनी," तिने पुढे बघतच विचारलं, "डावीकडशी कोन बाईकवाला घुसतंय काय बघ."

मी वाकून बाहेर पाहिलं. रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. ती दोघं बोलायची थांबली होती आणि मी काय सांगते याची वाट बघत होती.

"थांबा," मी म्हणाले. "येतोय एक."