भिंतीतले मामा

उंदरांचं आणि किश्शांचं एकच आहे. एक बीळ बुजवलं की दुसरं उघडतं! कुणी घरी आलं आणि "तुमच्या तिकडे चांद्याकडे घरं कशी असायची हो?" एवढं विचारलं की मी सुरूच होते. मुलगा मग हळूच पेपर उचलून आतल्या खोलीत जातो. जाऊ दे त्याला. तुम्ही ऐका.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी नवी नवरी आणि आमच्या मास्तरांची नेमणूक पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यात. घरं कुडाची, म्हणजे बांबूच्या कांबट्या विणून उभ्या करायच्या आणि दोन्हीकडून माती थापायची. बाहेरची माती सुटली की उंदीर कुडात शिरायचे आणि आतल्या आत थेट धान साठवायच्या ढोलीवर! म्हणून धान घरी आलं की आमच्या ओळीतल्या बायका एकेकीच्या अंगणात जमायच्या. बिळात फुटक्या काचा, बोरीचे काटे आणि वरून चिखल. सगळ्यांत म्हातारी गंगूबाई आमची मुकादम. तिची जीभ बोरीच्या काट्याहून कडक होती.

* * *

रीत अशी होती की चिखलाचा पहिला गोळा घरधन्यानंच भिंतीवर मारायचा. त्याचा हात लागल्याशिवाय भिंत धरत नाही म्हणायचे. पुढचं सगळं बायकांचं.

आमच्या घरी पहिल्यांदा काम निघालं तेव्हा मास्तरांनी धोतर सावरलं, नेम धरला आणि गोळा मारला. तो बसला गंगूबाईच्या पाठीवर!

"मास्तर, मले काऊन लिपता जी?" ती मागे न बघताच म्हणाली. "मी अजून पक्की आहो!"

त्या वर्षी मास्तर शाळेत जाताना गंगूबाईचं घर टाळून लांबून जायचे.

* * *

काम चालू असताना उंदराचं नाव घ्यायचं नाही, मामा म्हणायचं. नाव ऐकलं की तो रागावतो आणि कपडे कुरतडतो. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. एक मामा बिळातून उडी मारून माझ्या पायावरून गेला आणि मी किंचाळले, "अगं बाई, उंदीर!"

सगळ्यांचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडते तर लग्नातल्या शालूला काठाशीच हे एवढं भोक! मी रडतच गंगूबाईकडे गेले.

तिनं शालू उलटापालटा करून पाहिला. "भाचीच्या लग्नात मामाले आहेर नाई देल्ला तुम्ही," ती म्हणाली. "त्यानं आपल्या हातानं घेतला!"

मी रडता रडता हसले. तो शालू अजून माझ्याकडे आहे.

* * *

चिखलात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मिसळायची, पण नीट झोडलेली. मी उत्साहाच्या भरात न झोडलेलीच एक पेंढी तोडून घातली. भिंत अशी गुळगुळीत झाली की मीच तिच्यावरून हात फिरवत बसले.

काही दिवसांनी न्हाणीच्या बाजूला भिंत हिरवी! धानाला कोंब फुटले होते. त्या दाण्यांसाठी मामांनी सगळी भिंत बाहेरून पोखरून काढली.

गाव बघायला लोटलं. गंगूबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "लोकं बांधीत धान लावते," ती म्हणाली, "मास्तरीणबाईनं भितीत लावलं! आता कापणीले कोणाले बोलावता?"

* * *

मास्तरांनी मग चांद्याहून तारेचा पिंजरा आणला. पण मारायचं कुणी? रोज सकाळी पिंजरा हातात घेऊन ते तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे जायचे आणि उंदीर सोडून यायचे. बायका विचारायच्या, "मास्तर, मामाले सासरी पोचवलं का?"

भागा तेवढी हसायची नाही. ती आमची शेजारीण, माझ्याच वयाची. एक दिवस ती पाळीवर घागर घेऊन उभी होती. म्हणाली, "मास्तर, इतक्या दूर सोडता, तं तो वाट इसरत असन का?"

"नाही भागाबाई, घर आठवतं त्याला," मास्तर सहज बोलून गेले. "येतोच परत."

"खरंच येते जी?"

मास्तर घरी आले आणि पिंजरा ठेवता ठेवता मला म्हणाले, "मी हे काय बोलून बसलो!"

* * *

कारण भागाचा नवरा झिबल गेला होता तो आलाच नव्हता. घर बांधायला काढलं, तीन भिंती उभ्या केल्या आणि ठेकेदाराबरोबर सागवान तोडायला सिरोंच्याकडे गेला. "पावसाच्या आधी येतो, मंग चौथी भित घालू," एवढं म्हणून. चौथ्या बाजूला नुसता बांबूचा तट्टा. त्या तट्ट्यातून मामांची वरात आत जायची!

दर वर्षी आम्ही तिच्या तीन भिंतींची बिळं बुजवायचो, त्यांना झिबलचा हात लागलेला होता. चौथीपाशी मात्र थांबायचो, तिचा पहिला गोळा मारायला धनीच नव्हता. तिची ढोली माघातच तळ दाखवायची. मग ती मोहफुलं उकडून खायची आणि विचारलं तर म्हणायची, "मले आवडते."

एकदा गंगूबाईला राहवलं नाही. "माह्या बुढ्याच्या हातानं मारू गोळा. धनी तं धनी!"

"तुमचा बुढा तुमच्या घरचा धनी, बाई," भागा म्हणाली. "माह्या घरचा यायचा हाये."

गंगूबाईनं हातातला चिखल झटकला आणि पुढच्या घराकडे निघाली. आता माझ्या घराला सिमेंटच्या भिंती आहेत, एक उंदीर शिरत नाही. आणि भिंतीला हात लावायला एक बाईही येत नाही. फार आठवण येते हो त्या सगळ्यांची.

* * *

शेवटी भागाचा भाऊ गोंडपिपरीहून बैलगाडी घेऊन आला. "मामाले पोसून राह्यली तू इथी," तो म्हणाला. "एक तं माह्यासंग चाल, नाई तं माह्या हातानं भित घालू दे. तो काई येत नाई आता."

भागा घागर घेऊन पाळीवर गेली ती दिवे लागल्यावरच परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर अंगणात चिखल तुडवून तयार! तट्टा काढून ठेवलेला. कुडाच्या कांबट्या तिनं आधीच विणून ठेवल्या असाव्यात, त्याही उभ्या. आम्ही सगळ्या जमलो, पण कुणी थट्टा केली नाही. भावानं गोळा हातात घेतला.

तेवढ्यात गंगूबाई पाळीकडे बघायला लागली. मग आम्हीही बघितलं. एक माणूस येत होता, वाळलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर कुऱ्हाड. एका पायानं लंगडत होता. अंगणाच्या कडेला येऊन तो थांबला. तीन भिंती बघितल्या, उघडी चौथी बाजू बघितली आणि मान खाली घातली.

भागा उठली. भावाच्या हातातला गोळा तिनं काढून घेतला आणि नेऊन झिबलच्या हातात ठेवला.

"मारा," ती म्हणाली. "मामानं लय खाल्लं आपलं."