मंडईच्या नाटकाचं ऑनलाइन बुकिंग

आता हा पराक्रम कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा तुमचा घेतलाय, तर ऐका.

माझी सासुरवाडी पोंभुर्ण्याकडची. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, तिथं नाटक म्हणजे विचारूच नका! यंदा मंडळाचा अध्यक्ष माझा साळा, दिनेश. पहिलंच नाटक त्याच्या अंगावर. पडलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. अशा वेळी कॉम्प्युटरवाला जावई गप्प बसेल?

"सगळ्या खुर्च्या मोबाइलवर बुक करू," मी म्हणालो. "पान उघडलं की एक खुर्ची अडवून ठेवायची. नाव न टाकता पान बंद केलं, की खुर्ची मोकळी!"

अडवायचं मी चोख लिहिलं. मोकळी करायचं? ते लिहिलंच नाही. अहो, पान बंद झालं की मागचं सगळं आपोआप आवरलं जातं, अशी माझी समजूत!

सकाळी पान सुरू केलं. किती खुर्च्या गेल्या म्हणून उघडलं, तर एक गेली! खुशीत बंद केलं. राहवेना, पुन्हा उघडलं. दोन! जेवताना पाहिलं, शंकरपटात बैल धावत असताना पाहिलं, पानठेल्यावर चारचौघांना दाखवलं. जेव्हा बघावं तेव्हा आणखी एक गेलेली!

संध्याकाळी छाती फुगवून सांगितलं, "दिनेश, हाऊसफुल्ल!"

त्यानं लगेच पेंडालाचं फाटक बंद केलं. बाहेर चुलतसासूबाई भडकल्या, "काऊन जी जवाईबापू, मले एक बी खुर्ची नाई?"

"आधी बुक करायची ना, बाई!" मी ऐटीत. झालं! अख्खं गाव ट्रॅक्टर भरभरून शेजारच्या गावच्या नाटकाला निघून गेलं.

नाटकाची वेळ झाली. दिनेश धावत आला. "तुमचे हाऊसफुल्लवाले कुठी हायेत? पेंडालात कुत्रं बी नाई दिसून राह्यलं!"

"ऑनलाइनवाले उशिराच येतात रे," म्हणत मी लॅपटॉप उघडला. एकाही खुर्चीवर नाव नाही! पानाची लिंक गावात कुणाला पाठवायचीच राहून गेली होती.

"दिनेश... त्या सगळ्या मीच अडवल्यात. बघून बघून."

"एका माणसाले इतक्या खुर्च्या कायले लागतात जी?"

त्याचं उतरलेलं तोंड बघवेना मला. पडद्याआडून मिशा चिकटवलेला खलनायक डोकावत होता. दिनेशनं माइक हातात घेतला. "मंडळी..." म्हणाला, थांबला आणि माझ्याकडे वळला.

"जवाईबापू! बसा कुठी बी. अन् टाळ्या जरा जोरात वाजवा, हाऊसफुल्ल हाये!"