नाण्यावरची राणी: आई की मुलगी?

बाळांनो, गेला आठवडा इथे न्यूझीलंडच्या लोअर हटमध्ये एका नाण्याच्या मागे कसा गेला ते कळलंच नाही.

आमच्या शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. भावाकडून त्यांना काही जुनी नाणी मिळाली आहेत, रोमन साम्राज्यातल्या ग्रीक शहरांनी पाडलेली. एका बाजूला सम्राटाची राणी, दुसऱ्या बाजूला ग्रीक देवी. शनिवारी लायब्ररीत त्या ही नाणी दाखवून बोलणार होत्या. मंगळवारी "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत आल्या आणि चहा व्हायच्या आतच एक नाणं टेबलावर ठेवलं. मागच्या बाजूला नशिबाची देवी टायकी, हातात जहाजाचं सुकाणू. तिच्याबद्दल शंका नव्हती. राणीचं नावही वाचता येत होतं, पण त्याच नावाच्या दोन राण्या होऊन गेल्या, आई आणि मुलगी.

"चुकीची सांगितली तर पहिल्या रांगेतले जुने संग्राहक मला सोडणार नाहीत," बाई म्हणाल्या.

तुमच्या आजोबांनी पेपरातून मान वर केली आणि मला मराठीत म्हणाले, "चिंच लावून घास. लगेच चेहरा दिसेल."

"अहो, हे देवाचं ताम्हन नाही. वरचा हिरवा थर गेला की नाणंच गेलं."

"मग बसा ओळखत."

बसलोच. बाईंच्या पुस्तकात दोघींची चित्रं होती. त्या नाकं जुळवत होत्या, आणि नाण्यावरचं नाक तर पार झिजलेलं. मी केस पाहिले. आईने वेण्या गुंडाळून अंबाडा थेट डोक्यावर बांधलेला, मुलीचा खाली मानेवर. माझी आई आणि मी तरी कुठे एकसारखे केस बांधत होतो?

मी पडदे ओढले आणि टॉर्च टेबलालगत आडवा धरला. तिरप्या उजेडात राणीच्या मानेवर एक छोटा गोळा उठून आला. डोक्यावर काहीच नाही.

"मुलगी," मी म्हणाले.

बाईंनी टॉर्च माझ्याकडून घेऊन दुसऱ्या बाजूने धरला. गोळा तिथेच होता.

शनिवारी त्या नाण्याबद्दल बोलायला त्यांनी मलाच पुढे बोलावलं. पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी ते मागून घेतलं आणि भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"मुलगीच आहे," ते म्हणाले आणि नाणं शेजारी बसलेल्या संग्राहकाच्या हातात दिलं.

बाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी मनगटात रुतली.