कंदमुळांच्या ओळीतल्या सुगलाबाई

सुगलाबाई जेवायला बसल्या की आधी आपलं ताट वजनकाट्यावर ठेवत. लग्नाच्या पंगतीत नव्हे हो, कामावर. आमचं काम आहारपाहणीचं. गावोगावच्या स्वयंपाकघरात बसायचं, पीठ, डाळ, भाजी तोलायची आणि घरातल्या कोणी काय खाल्लं ते फॉर्मवर लिहायचं. आता सोलापूरकडची माणसं पाहुण्याला उपाशी उठू देतात होय? "बाई, दोन घास तरी खावा की," हे ठरलेलंच. मग बाई आपल्या वाट्याची भाकरी-आमटी तोलत, घराच्या बेरजेतून वजा करत आणि मगच घास मोडत. "आपण खाल्लेलं त्यांच्या पोटात लिहिलं तर पाप लागंल गं," म्हणत आणि आमटी पुन्हा मागून घेत. तीही तोलून.

पन्नाशी उलटलेली, ठेंगणा बांधा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. चिडल्या की मराठीतून थेट कन्नडमध्ये उतरत. मी नोकरीला लागले तेव्हा दोन लेकरांची आई होते, स्वयंपाकघरातलं मला सगळं कळतं अशा ताठ्यात. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तो उतरवला. "तुझं सैपाकघर तुला ठावं, वैशाली. दुसऱ्याचं तोलल्याबिगर कळत न्हाय."

आमच्या अहवालात एक तक्ता असायचा. माणसाला दिवसाकाठी प्रथिनं कशातून मिळतात, त्याचा. वर धान्यं, मग डाळी, दूध आणि अगदी तळाशी कंदमुळं, म्हणजे बटाटा, रताळं, सुरण. त्या ओळीतला आकडा इतका बारीक की साहेब म्हणत, "ती ओळ नुसती भरायची असते." बाईंना ते झोंबायचं. "थोडं हाय साहेब, पण हाय की! कुनाच्या तरी ताटात तेवढंच असंल तर?" साहेब हसून चहा मागवत. खरं सांगायचं तर मीही हसायचे.

मग आम्ही वळसंगला गेलो. सिद्धव्वांचं घर. सून महादेवी, तिची अंगावर पिणारी तीन महिन्यांची लेक. सोमवार होता. पुरुषांच्या ताटात भाकरी, आमटी, दही. महादेवीपुढे दोन उकडलेली रताळी आणि कपभर चहा. सोमवारचा उपवास. आमचा नियम असा, की उपवास असेल त्या माणसाचं फॉर्ममधलं पान कोरं सोडायचं, कारण आपल्याला रोजच्या जेवणाची नोंद हवी. मी काट मारायला पेन टेकवलं, तर बाईंनी माझा हात धरला.

"थांब. लेकरू आज उपाशी ऱ्हानार हाय का?"

रताळी तोलली, लिहिली. आमचा मुक्काम आठवडाभर होता. गुरुवारी गेलो तर पुन्हा रताळी. "आज दत्ताचा," सिद्धव्वा म्हणाल्या. शनिवारी मारुतीचा. महादेवी दिवसभर भिंतीला टेकून बसलेली आणि पोर सारखी किरकिरत असलेली. बाईंनी सिद्धव्वांना गाठलं.

"देवाचं हाय बाई, मोडायचं न्हाय," सिद्धव्वांनी आधीच सांगून टाकलं.

"मोडा कोन म्हनतंय? वाढवा म्हनते. रताळ्यात असून असून कितीसं असनार? म्हादेवाला शेंगदाणे चालत्यात, दूध-दही चालतंय. मग सुनेला का चालंना?"

"दही गड्यांस्नी लागतंय."

"आनि ही काय पाण्यावर दूध देनार लेकराला?"

सिद्धव्वा उठून आत गेल्या. घर आपल्याला बंद झालं, असंच मला वाटलं.

सोलापूरला आल्यावर साहेबांनी उपवासाची पानं बाजूला काढली. बाईंचा करार त्याच महिन्यात वाढवायचा होता. मी त्यांना पायाने खुणावत होते, पण त्या ऐकतील तर शपथ. "साहेब, तुमच्या नियमातला उपवास म्हंजे सण. हितं उपवास म्हंजे वार. आठवड्यातले तीन दिवस गाळले तर बाईमानूस लिवलं तरी कुटं? ही पानं न्हाईत तर माजी सही न्हाय." साहेबांनी पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, "लावा अहवालात." कंदमुळांच्या ओळीतला आकडा दशांशचिन्हापुढे जरासा हलला. बाईंनी ऑफिसभर वाटायला डबा आणला. पेढे नव्हेत, उकडलेली रताळी! वर शेंगदाण्याची चटणी. साहेबांनी दोन खाल्ली.

दोन महिन्यांनी फेरपाहणीला पुन्हा वळसंग, पुन्हा सोमवार. दारात पाऊल टाकताना मला धाकधूक होती. महादेवीपुढे रताळी होती, मूठभर शेंगदाणे होते आणि काठोकाठ दह्याची वाटी. पोर मांडीवर हातपाय झाडत होती. मला एवढा आनंद झाला, की आकडा दोनदा चुकीचा लिहिला.

"आनि तुमचं ताट, सिद्धव्वा?" बाईंनी विचारलं.

"माजं काय तोलताय? उरलंसुरलं खाते की." मग पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "सून होऊन आले तवापासनं तू काय खाल्लंस, असं पयल्यांदाच कुनी इचारलं बगा."

सुगलाबाईंनी एक रिकामी वाटी काट्यावर तोलली आणि सिद्धव्वांपुढे ठेवली. महादेवी उठली आणि तिने आपल्यातलं अर्धं दही सासूच्या वाटीत ओतलं.

बाई आता निवृत्त होऊन होटगीला असतात. मध्यंतरी दुपारी फोन आला. नव्या बायकांना काम नीट शिकवतेस ना, काटा सपाट जागी ठेवायला सांगतेस ना, सगळी उलटतपासणी झाली. मग म्हणाल्या, "आनि तू? जेवलीस का?"

घरातल्यांची जेवणं उरकली होती. कढईत बटाट्याच्या चार फोडी होत्या. मी म्हटलं, "जेवले की."

"वैशाली, काय खाल्लंस? तोलून सांग."

मी कढईकडे पाहिलं. "बाई, अजून जेवायचीच आहे," मी कबूल केलं. तिकडून कन्नड सुरू झालं. मला शब्द कळले नाहीत, पण त्या दिवसापासून मी सगळ्यांबरोबर ताट वाढून घेते.