शोकसभेतली स्लाइड

धायरीच्या आमच्या सोसायटीतले हे गृहस्थ हिंजवडीला आयटी कंपनीत मॅनेजर आहेत. बोलायचं म्हटलं की त्यांना पडदा लागतो. पाण्याच्या टँकरचा विषय असला तरी ते स्लाइड दाखवतात आणि तिच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचतात, जणू आम्हाला वाचता येत नाही.

परवा सोसायटीचे जुने सेक्रेटरी गेले. शोकसभेतही यांनी लॅपटॉप जोडला. सेक्रेटरींचे गुण चौकोनांत, चौकोनांना बाण, आणि फोटो कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा. खाली, 'धन्यवाद. काही प्रश्न?'

सेक्रेटरींच्या पत्नींनी विचारलं, "अहो, यांचा फोटो एवढासा का?"

"मजकूर मावत नव्हता, काकू."

मग सगळा मजकूर पुसून त्यांनी फोटो पडदाभर केला आणि गप्प खाली बसले. त्यांचं म्हणणं आम्हाला पहिल्यांदाच कळलं.