आडवं पडायची बंदी

आमच्या साडूंनी आजवर कुणालाही सुखानं आडवं पडू दिलेलं नाही. ते केजला हाडांचे डॉक्टर आहेत, घराला लागूनच स्वतःचा दवाखाना आहे, आणि त्या दवाखान्यात खाटा ठेवाव्या लागतात हेच त्यांचं मोठं दुखणं आहे. तसा देवमाणूस, पण त्यांच्याबरोबर तासभर काढायचा तर भरपेट जेवून आणि बुटाची नाडी घट्ट बांधून यावं लागतं. चहा उभ्यानं, पेपर चालता चालता, आणि लग्नात पंगत बसली की हे ताट हातात घेऊन मांडवभर फिरणार, कारण कोण कसं चालतंय ते त्यांना बघायचं असतं. नवरदेवाच्या आजोबांचा गुडघा, विहिणीची कंबर, सगळं बघून होतं. नवरी तेवढी बघायची राहते. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का सांगते की स्वतःच्या लग्नात सप्तपदी संपली तरी हे थांबलेच नाहीत, पार मांडवाबाहेर निघाले, आणि उपरण्याची गाठ बांधलेली असल्यामुळं तीही मागं मागं. "मला बाई तेव्हाच कळायला पाहिजे होतं," असं ती म्हणते, आणि हसते.

मी पडलो नेमका उलटा. मी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर नोकरीला होतो. खुर्चीवर बसून दूध थंड व्हायची वाट बघणं हे माझं काम, आणि ते मी मन लावून केलं. साडू आले की पहिलं वाक्य, "उठा हो साडूभाऊ!" कशासाठी, ते नंतर सांगायचे. मी नवं घर बांधलं तेव्हा सगळे पाहुणे हौसेनं दिवाणखाना बघत होते, आणि हे थेट न्हाणीत. तिथून ओरडले, "ही फरशी कुणी बसवली? सासूबाईंना मारायचंय का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पाथरवट पाठवला आणि माझ्या चकचकीत फरशीला जात्यासारखी टाकी लावून घेतली. आमच्याकडंच राहणाऱ्या सासूबाई आजवर एकदाही घसरल्या नाहीत हे खरं, पण माझ्या टाचा सोलून निघाल्या त्याचं काय?

आमच्या भागात म्हातारं माणूस पडून त्याचा खुबा मोडला की एक रीत आहे. त्याला आतल्या खोलीत बाजेवर निजवायचं आणि गणगोत बोलवायचं. जीपा भरभरून माणसं येतात. एकेक जण उशाशी बसून रडतो, केळी ठेवतो, "हलू नका मामा, अजाबात हलू नका," असं बजावतो, आणि बाहेर येऊन म्हणतो, "आता काय खरं न्हाई." या गणगोतावर साडू इतके चिडून असतात की काही विचारू नका. "हाडानं कुणी मरत नाही हो," ते मला दर भेटीत सांगतात, मी न विचारता. "हे पडून राहतात ना, त्यानं मरतात! पाठ सडते, छातीत कफ साठतो, डोकं भ्रमतं. आणि हे लोक केळी आणतात!" त्यांचा खाक्या असा की होईल तितक्या लवकर ऑपरेशन करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला उभं करायचं. भेटायला येणाऱ्याला बसायला स्टूल नाही. भेटायचंय? मग पेशंटला धरून आवारातल्या लिंबाच्या झाडापर्यंत चालवून आणा. घाटनांदूरच्या एका आजोबांना एवढं गणगोत होतं की बिचाऱ्यांनी संध्याकाळी साडूंपुढं हात जोडले. "डागदर, माजा मी चालतो. पन पावनं बंद करा."

धारूरच्या एका निवृत्त मास्तरांची तर कमालच झाली. ऑपरेशननंतर ते भ्रमले, आणि वॉर्डात रानडुकरं शिरलीत म्हणून सलाईनचा स्टँड घेऊन हाकायला लागले. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय. साडूंनी एकच विचारलं, "यांचा चष्मा कुठंय?" तो मुलानं हरवू नये म्हणून स्वतःच्या खिशात जपून ठेवला होता. साडूंनी तो मास्तरांच्या नाकावर बसवला. मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं, समोरच्या रानडुकरांना, म्हणजे दोन नर्सबाईंना, नमस्कार केला आणि पाणी मागितलं. तेव्हापासून पेशंटबरोबर चष्मा, कवळी आणि काठी आली नाही तर साडू दारातच तमाशा करतात.

एका दुष्काळाच्या वर्षी दिवाळीआधीच गावोगाव टँकर सुरू झाले. जनावरं छावणीला गेली, नाहीतर बाजारात गेली. संघाचे कॅन रिकामे पडले आणि दुधाची गाडी दारात उभी राहिली. ती साडूंच्या डोळ्यांत भरली. मी म्हटलं, "अहो, संघाची गाडी आहे, माझी नाही." तर म्हणाले, "चेअरमनना विचारलंय मी. त्यांच्या आईचा खुबा मीच बसवलाय. फक्त गाडीबरोबर संघाचा माणूस पाहिजे म्हणाले. उठा!" झालं. आंबट वास मारणाऱ्या त्या गाडीत बसून मी वाड्यावस्त्यांवरची पडलेली म्हातारी माणसं गोळा करत हिंडायला लागलो. माझी सुखाची नोकरी त्या माणसानं पार मातीत घातली.

तशातच सोजरबाई सापडली. टँकर विहिरीत पाणी सोडतो तेव्हा सगळा गाव घागरी घेऊन तुटून पडतो, त्या रेटारेटीत ती पडली आणि खुबा मोडला. घरात मुलगा मारोती आणि सून. दोघं दरवर्षी ऊस तोडायला कारखान्याला जाणारी, आणि ट्रक यायला फार दिवस उरले नव्हते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. म्हातारीपायी सून मागं राहिली तर कोयता मोडला, आणि दोघंही गेली तर म्हातारीला घोटभर पाणी कोण देणार? मारोती दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. साडूंनी त्याला उठवलं. (बसलेलं माणूस त्यांना बघवत नाही.) "ट्रक यायच्या आत तुझी आई चुलीपाशी आपली आपण जाईल. मी सांगतो ना!"

मग सुरू झालं युद्ध. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन तिला उभं केलं. सोजरबाई हाताएवढी, पण जीभ परातीएवढी. "मुडद्या, जरा बसू दे की! कावून छळायलास रं?" साडू म्हणायचे, "द्या शिव्या, पण पाऊल टाकत द्या." तिला घरी पोचवल्यावरही यांना चैन नाही. उठसूट गाडी काढून तिच्या गावी, आणि मी बरोबर. पण म्हातारी चालायला लागली, हे कबूल करायला पाहिजे. चुलीपासून अंगणापर्यंत वॉकर आपटत, साडूंचा उद्धार करत चालायची.

ट्रकच्या दिवशी आम्ही तिचा पाय बघायला म्हणून गेलो. ट्रक भरलेला. बोचकी, कोंबड्या, बांबू, माणसं. आणि सगळ्यांच्या वर, बोचक्यावर, सोजरबाई! वॉकर सुतळीनं बाजूला बांधलेला.

"उतरा खाली!" साडू असे ओरडले की कोंबड्या फडफडल्या. "हाड अजून जुळलेलं नाही. घरी सगळी सोय केलीय मी. दर आठवड्याला गाडी येईल, हे साडूभाऊ येतील!"

तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्यो? ह्यो तर गाडीतून उतरत बी न्हाई."

"आजी, हट्ट करू नका. तिकडं पडलात तर?"

"डागदर," ती एकदम हळू बोलली, "तुमी पाय लई चांगला केला. त्यो पाय हितं ठिवून मी काय करू? समदा गाव चाललाय. मी कुनाशी बोलू, भित्तीशी?"

साडू मारोतीवर घसरले. तो खाली मान घालून म्हणाला, "न्हाई ऐकत सायेब. उभ्या जल्मात कुनाचं ऐकलं न्हाई." शेवटी साडू टोळीच्या मुकादमाशी भांडले, त्याला केबिनमधून उतरवून मागं चढवलं आणि तिथं सोजरबाईला बसवलं. तिच्या खाली स्वतः वाकळ दुमडून घातली, आणि वाटेत हिला उतरवून चालवायचं म्हणून ड्रायव्हरला दम भरला. ट्रक गेल्यावर मात्र रस्त्यात येरझारा घालत राहिले. "मूर्ख बाई! मरेल तिथं. पडून राहील आणि मरेल."

तो हिवाळा त्यांनी आम्हा सगळ्यांना नको नको करून सोडला. कारखान्याकडून कुणी आलं की विचारायचं, वॉकरवाली म्हातारी दिसली का? एकदा तर दवाखाना बंद ठेवून मला घेऊन सरळ तिकडंच निघाले. ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या म्हणतात त्यांना, नजर पोचेल तिथवर पसरलेल्या. आम्ही दिवसभर विचारत हिंडलो. सोजरबाई काही सापडली नाही. परतीच्या वाटेत साडू एक अक्षर बोलले नाहीत, आणि खरं सांगतो, मला त्यांची बडबड फार आठवली.

हंगाम संपल्यावर एक दिवस मी दवाखान्यात असताना मारोती आला. एकटाच. हातात वॉकर.

"आई गेली, सायेब."

"पडली ना? म्हटलं होतं मी! तेव्हाच म्हटलं होतं..."

"न्हाई सायेब, पडली न्हाई. पार आदल्या दिशी पतुर चालत व्हती. सांजच्याला कोपीतून फडापतुर यायची, तुमास्नी शिव्या घालीत." तो थोडा हसला, मग डोळे पुसले. "त्या दिशी अवकाळी पाऊस झाल्ता. तोड बंद. आमी दोघं बी कोपीतच व्हतो. चा पिली, सुनंच्या मांडीवर डोस्कं ठिवलं. लई येळ लागला न्हाई." वॉकर भिंतीला टेकवत तो म्हणाला, "हितं आस्ती तर आमाला कवा कळलं आस्तं, कुनाला ठावं."

साडू चालता चालता थांबले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि मी तिला उतरवत होतो, साडूभाऊ." एवढंच. नंतर मारोतीला विचारलं, "जेवलास का?" आणि त्याचा हात धरून आत अक्काकडं घेऊन गेले.

आता म्हाताऱ्या माणसाला घरी सोडायची वेळ आली की साडू विचारतात, "घरी कोण आहे?" कुणी नाही असं उत्तर आलं की संपलं. त्या माणसाचा पाय मग काही केल्या बरा होत नाही. टाके निघतात, हाड जुळतं, पण यांना काहीतरी कमी दिसतच राहतं. मागच्या पडवीत अशी धडधाकट म्हातारी माणसं शेंगा सोलत आणि एकमेकांशी भांडत बसलेली असतात. अक्का म्हणते, दवाखाना आहे का धर्मशाळा? आणि डाळीत आणखी तांब्याभर पाणी घालते. परवा मी गेलो तेव्हा त्यांतला एक म्हातारा वॉकर धरून फाटकाशी उभा होता. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"कुटं न्हाई," तो म्हणाला. "कारखान्यावरनं मानसांच्या गाड्या माघारी याया लागल्यात. आपलं कुनी येतंय का बगायलो."

त्याच्या शेजारी साडूही उभे होते, रस्त्याकडं बघत. मला उठा म्हणाले नाहीत, चला म्हणाले नाहीत. मग मीही जाऊन त्यांच्याजवळ उभा राहिलो.